मुलांच्या स्वभावाची यादी करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या गेल्या सभेत एक ठराव मांडला गेला. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची, 'धोकादायक' स्वभावाची मुले तिच्यातून आधीच हेरून काढायची आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. खर्चासाठी पालकांकडून वर्गणी काढायची. या ठरावामागची भीती खरी आहे, कारण गेल्या वर्षी माझ्याच वर्गात जे घडले त्यातूनच ती आली आहे. तरीही मी ठरावाला विरोध केला. का केला, ते सभेत दोन मिनिटांत सांगता आले नाही. असे ठराव पुण्यातल्या इतर शाळांतही येतील असे वाटते, म्हणून हे पत्र.

मी नववी-दहावीला गणित शिकवते आणि नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण त्या प्रसंगानंतर या विषयावर जे हाती लागले ते नेटाने वाचले, समजले नाही तिथे जाणकारांना विचारले.

घडले ते असे. (मुलांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो तिच्या मैत्रिणीने इन्स्टाग्रामवर टाकला होता. तो एका मुलाने घेतला, एका ॲपमध्ये घातला आणि तिचे कपडे नसलेले चित्र तयार केले. अशा चित्रासाठी आता कसलेही कौशल्य लागत नाही. चित्र मुलांच्या ग्रुपवर पडले. कुणी हसण्याचा इमोजी टाकला, कुणी 'भावा, अजून कुणाचा आहे का' असे विचारले, कुणी ते दुसऱ्या ग्रुपवर ढकलले. त्या दुसऱ्या ग्रुपवर मुलीही होत्या आणि त्यांतल्या दोघींनी हसण्याचीच खूण टाकली. ज्या मुलीचे चित्र होते तिला हे कळले क्लासच्या जिन्यात, एका अनोळखी मुलाने तिच्याकडे बघून काहीतरी म्हटले तेव्हा.

चित्र करणारा मुलगा माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी. नीटनेटकी वही, प्रमेयाची सिद्धता एकही पायरी न गाळता लिहिणारा, मोठ्यांशी अदबीने बोलणारा. आणि मला येऊन सांगणारा मुलगा मागच्या बाकावरचा, ज्याच्या डायरीत तक्रारींच्या नोंदी भरपूर. तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता. चित्र आले तेव्हा तोही हसला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर तो वर्गाच्या दारात घुटमळत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ते बरोबर नाही झालं." तो फोन पुढे करू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. चित्र मला दाखवू नकोस, पाठवू नकोस, कुणाकुणाला गेले तेवढे सांग, एवढेच म्हटले. पुढे ग्रुपमधल्या मुलांशी एकेक करून बोलले तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच होते: "मॅडम, मी नाही बनवला, मी फक्त फॉरवर्ड केला." ज्याने बनवला त्याचे म्हणणे, "मी फक्त एका ग्रुपवर टाकला होता."

आता स्वभावाविषयी. संशोधन काय सांगते ते मला नाकारायचे नाही. 2002 साली डेलरॉय पॉलहस आणि केव्हिन विल्यम्स या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी तीन गुणांचा एकत्र अभ्यास मांडला: स्वतःविषयीचा फुगवलेला अहंकार, दुसऱ्याला प्यादे म्हणून वापरणारा डावपेचीपणा आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयीची निष्ठुर बेपर्वाई. त्याला इंग्रजीत 'डार्क ट्रायड' असे नाव पडले. पुढे त्यात चौथा गुण जोडला गेला, दुसऱ्याला त्रास देण्यात मिळणारी मजा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की इंटरनेटवर लोकांना मुद्दाम छळण्याचा ज्यांना आनंद होतो, त्यांच्यात या चौथ्या गुणाचा संबंध सर्वांत ठळक होता. किशोरवयीन मुलांवरही अशी पाहणी झाली आहे. सहानुभूती कमी, आवेग जास्त, सौजन्य कमी अशी मुले ऑनलाइन छळ करण्याची शक्यता अधिक, असा साधारण सूर त्यांतून निघतो. हे सारे मला पटते. वर्गात उभे राहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला पटेल.

पण हा संबंध मोठ्या गटात दिसणारा आहे आणि तो माफकच आहे. त्यावरून एका मुलाकडे बोट दाखवता येत नाही. इथे मी माझ्या विषयाचा आधार घेते. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये संभाव्यतेचे प्रकरण आहे, तेवढेही पुरेल. कल्पना करा, शाळेत 500 मुले आहेत आणि त्यांपैकी 10 जण पुढे असे काही करणार आहेत. चाचणी 90 टक्के अचूक आहे असे धरू. एवढी अचूक व्यक्तिमत्त्व चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही, पण ठराव मांडणाऱ्यांच्या बाजूने धरू. 10 पैकी 9 मुले सापडतील. उरलेल्या 490 मुलांपैकी 10 टक्के, म्हणजे 49 मुले, काहीही न करता यादीत जातील. यादी झाली 58 जणांची आणि त्यांतले 49 निर्दोष. शिवाय एक सुटलेलाच. कोणत्याही पालकाने हा हिशेब मांडून बघावा आणि मग आपले मूल त्या 49 मध्ये असेल तर काय वाटेल ते सांगावे.

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. संशोधनातल्या प्रश्नावल्या बहुधा निनावी असतात, मुलाला खरे सांगण्यात धोका नसतो. शाळेने नाव घालून घेतलेल्या चाचणीत 'दुसऱ्याला रडताना बघून मला मजा वाटते' असे वाक्य आले, तर डावपेची मुलगा त्यापुढे 'मुळीच नाही' वर खूण करणारच. प्रामाणिक, भाबडा मुलगा मात्र 'कधी कधी' लिहील, कारण धाकट्या भावाला एकदा मुद्दाम रडवल्याचे त्याला आठवेल.

या शहराला चाचण्यांचे वावडे नाही. ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था 1962 पासून इथे आहे, बुद्धिमापनाचे आणि अभिक्षमता मापनाचे काम पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. जाणकार माणसाने मुलाच्या भल्यासाठी घेतलेल्या, मुलाशी बसून समजावून सांगितलेल्या चाचणीबद्दल मला आदर आहे. पण चाचणीचा कागद घरी गेल्यावर त्याचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीची कलचाचणी घेतली. हेतू मार्ग दाखवण्याचा होता. तरी घराघरांत तो निकाल ठरला. मुलीने विज्ञान शाखा मागितली की 'तुझ्या कागदावर कला आलंय' असे ऐकवले गेले. कलेच्या आवडीचा शिक्का एवढा चिकटतो, तर 'निष्ठुर' किंवा 'धोकादायक' हा शिक्का चौदा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर किती काळ राहील? समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान मानसोपचारतज्ज्ञसुद्धा वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत करत नाहीत, कारण या वयात स्वभाव घडत असतो. जे काम डॉक्टर करायला धजत नाहीत ते वर्गणी काढून शाळेने करावे, हे मला मान्य नाही.

सभेत एक आजोबा म्हणाले, "स्वभावाला औषध नाही." ते वडीलधारे, त्यांच्याशी वाद घातला नाही. पण स्वभाव एकटा काही करत नाही. तोच मुलगा घरी एक असतो, वर्गात दुसरा आणि ग्रुपवर तिसरा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात कोण किती धोका पत्करते हे त्यांनी पाहिले, एकट्याने खेळताना आणि मित्र बाजूला असताना. मित्र बघत असले की 13 ते 16 वयाच्या मुलांनी पत्करलेला धोका स्पष्ट वाढला. मोठ्या माणसांमध्ये तसा फरक पडला नाही. मोबाइलमध्ये मित्र चोवीस तास बघत असतात. आणि समोर जिचा छळ होतो तिचा चेहरा तिथे दिसत नाही. समोर माणूस नसला की जिभेवरचा ताबा सुटतो, हे जॉन सुलर यांनी 2004 साली इंटरनेटच्या संदर्भात तपशिलाने मांडले: नाव लपलेले, चेहरा लपलेला, उत्तर लगेच येत नाही, सगळे खेळातले वाटते. माझ्या त्या नीटनेटक्या वहीच्या विद्यार्थ्याने वर्गात, तिच्यासमोर, तिच्याबद्दल एक शब्दही वावगा उच्चारला नसता. हे मी खात्रीने सांगते आणि त्याने त्याचा गुन्हा जराही कमी होत नाही, हेही सांगते.

'मी फक्त फॉरवर्ड केला' या उत्तराचाही अभ्यास झालेला आहे. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की सभ्य माणसे वाईट काम करताना आपल्या मनाचा पहारा तेवढ्यापुरता बाजूला ठेवतात. त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: त्याला मस्करी म्हणायचे, जबाबदारी सगळ्यांत वाटून टाकायची, परिणाम झालाच नाही असे मानायचे, समोरच्याला माणूस न समजणे, आणि शेवटी दोष तिच्यावरच टाकणे. ग्रुपमधल्या मुलांशी बोलताना या सगळ्या वाटा मला एकामागून एक ऐकू आल्या. "मस्करीत होतं." "सगळेच बघत होते." "तो खरा फोटो थोडाच आहे?" "तीच तर रील्स टाकते." ही मुले राक्षस नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना कोणत्याही चाचणीने बाजूला काढले नसते. पण त्यांच्या हसण्याशिवाय ते चित्र पहिल्या दहा मिनिटांत विझून गेले असते.

म्हणून मला वाटते की शाळेने डोळा ठेवायचा तो बघणाऱ्यांवर. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात वर्गातल्या छळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना छळणारा आणि सोसणारा या दोघांपलीकडे वर्गच दिसला. छळणाऱ्याला हात देणारे, हसून चेव आणणारे, बाजूला उभे राहणारे आणि सोसणाऱ्याच्या पाठीशी जाणारे. त्यावर आधारलेला 'किवा' हा कार्यक्रम 2009 पासून तिथल्या शाळांमध्ये देशभर गेला. त्याचा भर मधल्या मुलांवर आहे: हसणारा हसणे थांबवेल का, गप्प बसणारा एकदा तरी बोलेल का. माझ्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाने नेमके हेच केले. उशिरा केले, आधी हसून मग केले, पण केले. त्याने ते का केले असे मी त्याला विचारले तेव्हा त्याला नीट सांगता आले नाही. त्याला एवढेच माहीत होते की कुणाकडे जाऊन सांगायचे. शाळेत प्रत्येक मुलाला एवढे तरी माहीत हवे.

आता त्या मुलीविषयी, कारण स्वभावाची चर्चा सुरू झाली की तिची पाळी येतेच. शिक्षकांच्या खोलीतच मी ऐकले, "जरा जास्तच मोकळी आहे ती." कुणी म्हणाले, "गप्प राहणारी असती तर कुणी वाटेला गेलं नसतं." पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका शाळेतल्या प्रसंगाबद्दल बोलताना ऐकले, "फारच गरीब मुलगी, म्हणून तिलाच धरलं." मोकळी असली तरी दोष तिचा आणि अबोल असली तरी तिचाच. ज्या मुलामुलींचा छळ झाला आहे त्यांच्यात अस्वस्थपणा आणि खिन्नता जास्त आढळते असे पाहण्यांत दिसते. पण अशा पाहण्या बऱ्याचदा एकाच वेळी केलेल्या असतात. आधी काय होते आणि नंतर काय आले, ते त्यांतून कळत नाही. आमची विद्यार्थिनी घटनेनंतर दारावर टकटक झाली तरी दचकत असे. त्या दिवसांत तिची चाचणी घेतली असती तर कागदावर 'अस्वस्थ स्वभाव' असे आले असते आणि कुणीतरी त्यालाच कारण म्हटले असते.

मुलग्यांनाही हे चुकत नाही, हे इथे लिहायलाच हवे. आवाज बारीक आहे, चाल नाजूक आहे, नाचाची आवड आहे, म्हणून एखाद्या मुलाच्या नावाने घाणेरडे मीम फिरतात. युरोपात 'प्रोजेक्ट डीशेम' या पाहणीत डेन्मार्क, हंगेरी आणि ब्रिटनमधल्या 13 ते 17 वयाच्या मुलांशी बोलून ऑनलाइन लैंगिक छळाचे चार प्रकार मांडले गेले: खासगी फोटो परवानगीशिवाय पसरवणे, धमकावून काही करायला लावणे, लैंगिक शेरेबाजीने हिणवणे आणि नको असताना अश्लील मजकूर किंवा मागण्या पाठवणे. हे चारही प्रकार पुण्यातल्या मुलांना सांगितले की ते माना डोलावतात. शाळेच्या नावाची 'कन्फेशन' पाने, मुलींना दहापैकी गुण देणाऱ्या याद्या, फेक आयडीवरून आलेले फोटो, हे सारे त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. आणि हे ती कुणाकडून शिकतात? गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजवणाऱ्या मुलींचे फोटो काढून पाने चालवली जातात, त्यांखालच्या प्रतिक्रिया एकदा वाचून बघाव्यात. त्या लिहिणारे नववीतले नाहीत. चाचणी फक्त मुलांची घ्यायची ठरते, याचे मला म्हणूनच जास्त वाईट वाटते.

पालकांना एक कळकळीने सांगायचे आहे. त्या मुलीच्या वडिलांनी पहिल्यांदा काय केले, तर तिचा फोन काढून घेतला. त्यांचा जीव तुटत होता, ते मी पाहिले आहे, त्यांना बोल लावत नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलींना मी नंतर विचारले की असे काही झाले तर घरी का सांगत नाही. आधी शरमेचे कारण येईल असे मला वाटले होते. पहिले उत्तर आले, "फोन जाईल, मॅडम." दुसरे, "क्लास बंद करतील." छळ सोसणाऱ्याला शिक्षा होते हे मुलांना पक्के ठाऊक आहे. आज रात्री जेवताना प्रत्येक घरात एक वाक्य मोठ्याने बोलले जावे: तू सांगितलेस म्हणून तुझा फोन जाणार नाही. आणि मग ते पाळलेही जावे.

सांगितल्यावर काय करायचे, याबद्दल शाळा आणि पालक दोघेही गोंधळलेले असतात, म्हणून मला जे पक्के कळले तेवढे लिहिते. चित्र पुरावा म्हणून एकमेकांना पाठवू नये, मुख्याध्यापकांनाही नाही. अल्पवयीन मुलाचे असे चित्र पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे, आणि पोक्सो कायद्याखाली, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, ते बाळगण्याबद्दलही शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये हे ठामपणे सांगितले. खाते, लिंक, वेळ, कुणाकडून आले, एवढे लिहून ठेवावे. चित्र बनावट आहे म्हणून गुन्हा नाही, असे काही पालक म्हणाले. 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 11 बघावे: मुलाच्या शरीराचे खरे किंवा बनावट चित्रण माध्यमात वापरण्याची धमकी देणे हाही लैंगिक छळच. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. अल्पवयीन मुलांच्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही सेवा 2023 पासून आहे. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून फोटो ओळखून काढतात. व्हॉट्सॲपसारख्या बंद ग्रुपमध्ये तिचा हात पोचत नाही, हेही माहीत असलेले बरे.

आमच्याकडे काही जण म्हणाले की आपसात मिटवू, दोन्ही घरांची अब्रू राहील. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. हे वाचून दाखवल्यावर चर्चा थांबली. पोलिसांची भीती मुलीच्या आईला होती. त्यांना मी कलम 24 सांगितले: जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. तसेच झाले. आलेल्या पोलीस ताईंनी आधी तिच्या मांजराची चौकशी केली. मुलगा पंधरा वर्षांचा; त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले, त्याबद्दल अधिक लिहिणार नाही. त्याच्याशी अजूनही बोलते एवढेच सांगते. त्याला स्वतःच्या कृत्याची जाणीव व्हायला वेळ लागला. 'मी वाईट आहे का' हा प्रश्न त्याने मला विचारला. मी म्हटले, तू वाईट काम केलेस, आता पुढचे तुझ्या हातात आहे. त्याच्या कागदावर 'धोकादायक' असे लिहिलेले असते, तर हे वाक्य मला कोणत्या तोंडाने बोलता आले असते?

एका गोष्टीवरून मात्र आमचे शाळेत तीव्र मतभेद झाले. दोघे एका वर्गात नकोत हे सर्वांना मान्य होते, आणि सूचना आली ती मुलीची तुकडी बदलण्याची, 'तिला बरं वाटेल म्हणून'. तिच्या मैत्रिणी, तिचा बाक, तिचे शिक्षक या तुकडीत. तुकडी बदलायची तर त्याची, यावर मी अडून बसले आणि मुख्याध्यापकांनी ते मान्य केले.

वर्गणीच्या पैशांचे काय करायचे? आमच्या शाळेत समुपदेशक आहेत, पण त्या आठवड्यातून एकदा येतात, आणखी शाळाही सांभाळतात. त्यांच्या खोलीचे दार मुख्य जिन्याजवळ आहे. आत कोण गेले ते साऱ्या शाळेला दिसते. पैसे जमत असतील तर त्या रोज याव्यात आणि खोली आडबाजूला असावी. राज्य शासनाने 2022 साली मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांमध्ये सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले. त्या किती शाळांत खरोखर बसतात, हे पालकांनीच विचारावे. नववीच्या मुलांना एका तासात 'तू ग्रुपवर आहेस, असे चित्र आले, पुढच्या मिनिटाला काय करशील' हा एकच प्रश्न देऊन बोलते करावे. मी हे माझ्या वर्गात करते. पहिल्यांदा कुणी बोलत नाही, मग एकजण म्हणतो 'ग्रुप सोडीन', दुसरा म्हणतो 'सोडलास तर उलट तुझ्यावर मीम येईल', आणि तिथून खरे बोलणे सुरू होते. त्यात सगळ्या स्वभावांची मुले असतात. बिनधास्त मुलगा सर्वांदेखत 'बंद करा' असे लिहू शकतो. लाजरी मुलगी तसे लिहिणार नाही, पण ती जिच्यावर बेतले आहे तिला एकटीला मेसेज करील, तिच्या शेजारी जाऊन बसेल. स्वभाव वेगळा म्हणून वाटा वेगळ्या. शाळेने स्वभाव ओळखायचा असेल तर यासाठी ओळखावा.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला आणि एकूणच वृत्तपत्रांना एक विनंती. अशा प्रसंगाच्या बातमीत 'अबोल आणि अभ्यासू मुलगा', 'बिनधास्त स्वभावाची मुलगी' अशी वर्णने येतात. वाचणाऱ्याला त्यातून कारण मिळाल्यासारखे वाटते आणि पुढची मुलगी ते वाचून गप्प बसते. पोक्सोच्या कलम 23 प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही. तरी अमुक रस्त्यावरची नामांकित शाळा, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय इतके छापलेले मी वाचले आहे. सोसायटीच्या ग्रुपवर तेवढ्यावरून अर्ध्या तासात नाव निघते. आपल्या वार्ताहरांना हे कलम एकदा वाचून दाखवावे, आणि हे पत्र छापाल तेव्हा माझेही नाव गाळावे.

आपली,
एक वर्गशिक्षिका, पुणे